धर्माबादचा सबजंक्टिव्ह

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर महाराष्ट्राचे शेवटचे मोठे स्टेशन म्हणजे धर्माबाद. पिशवी आवरून होईतो बासर येते, पाट्यांवरची लिपी बदलते आणि मग गोदावरीचा पूल लागतो. धर्माबादला जिल्ह्याच्या नांदेडपेक्षा परराज्यातले निजामाबाद जवळ. गावाचा लौकिक लाल मिरचीचा. भाव मराठीत विचारायचा, घासाघीस तेलुगूत करायची आणि भांडणाची वेळ आलीच तर दखनीत भांडायचे, अशी इथल्या बाजाराची त्रिभाषा-सूत्राची अंमलबजावणी आहे. ती कोणत्याही शिक्षण आयोगाच्या अहवालाविना चाललेली आहे.

या तालुक्यातल्या चाळीसेक गावांच्या सरपंचांनी 2018 साली एक मागणी केली आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांना धर्माबाद कुठे आहे ते नकाशात शोधावे लागले. मागणी अशी, की आमची गावे तेलंगणात टाका. कारण उघड होते. पलीकडे त्याच वर्षी ‘रयतु बंधू’ योजना सुरू झाली होती, एकरी चार हजार रुपये, तेही प्रत्येक हंगामाला. शेतीला चोवीस तास फुकट वीज 1 जानेवारीपासून. मुलीच्या लग्नाला ‘कल्याण लक्ष्मी’चे एक लाख एकशे सोळा. सीमेवरच्या गावांत सोयरिकी दोन्हीकडच्या. त्यामुळे ही आकडेवारी सरकारी पत्रकातून कळण्याची गरजच नव्हती. पलीकडचा मेव्हणा चेक खिशात घेऊनच पाहुणचाराला येई, आणि जेवण झाल्यावर बडीशेप मागता मागता तो चेक सहज बाहेर काढी.

“आम्ही तेलंगणात असतो तर!” सगळी मागणी या एका वाक्यात मावते. आणि इंग्रजी शिकवणाऱ्या मराठवाड्यातल्या तमाम सरांना सबजंक्टिव्ह मूड समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. तरी ते वर्गात गेल्यावर पक्ष्याचेच उदाहरण देतात.

‘इफ आय वेअर अ बर्ड.’ या पक्ष्याने आजवर किती मराठी मुलांची झोप उडवली असेल! पाचवीपासून मुलाकडून घोकून घेतलेले असते, की ‘आय’बरोबर वर्तमानात ‘अॅम’ आणि भूतकाळात ‘वॉज’. चुकून कुणी ‘आय वेअर’ लिहिले तर लाल शाईचे वर्तुळ आणि वर एक टपली. पुढे एके दिवशी तेच सर फळ्यावर स्वतःच्या हाताने ‘आय वेअर’ लिहितात आणि खाली रेघ ओढून म्हणतात, हे बरोबर आहे.

“कामून सर?”

“कल्पना आहे म्हणून. तू पक्षी नाहीस ना खराखुरा?”

“नाही सर.”

“मग वेअर.”

“म्हणजे बोलणं खोटं असलं की चूक बरोबर होते का सर?”

इथे टपली पुन्हा बसते. पण प्रश्न अगदी नेमका असतो. इंग्रजीत क्रियापदाला पूर्वी बरेच प्रत्यय होते, ते शतकानुशतके झिजत गेले. त्या झिजेतून जे थोडे वाचले, त्यात हा सबजंक्टिव्ह. तोही तीनच कोपऱ्यांत तग धरून राहिला आहे. एक, जे नाही ते आहे असे धरून बोलताना. तिथे ‘वॉज’ची ‘वेअर’ होते. दुसरा, सुचवताना, मागणी करताना, ठराव मांडताना. डॉक्टरांनी त्याला विश्रांती घ्यायला सुचवले, हे सांगताना ‘ही टेक्स’मधला शेवटचा एस गळून नुसते ‘ही टेक’ उरते. तिसरा कोपरा आशीर्वादाचा आणि जयघोषाचा. ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणतात, ‘सेव्ह्ज’ म्हणत नाहीत.

खुद्द इंग्रजांनी या मूडची आशा कधीच सोडली होती. शब्दप्रयोगांचे न्यायाधीश म्हणून ज्यांचा दरारा होता त्या फाउलरसाहेबांनी 1926 सालच्या आपल्या कोशात काही थोडे प्रयोग वगळून त्याला मरणपंथाला लागलेला ठरवले. सॉमरसेट मॉम यांनी तर 1949 साली छापलेल्या टिपणवहीत त्याला लवकर मुक्ती देऊन टाका असा सल्ला दिला. रुग्ण मात्र चिवट निघाला. अमेरिकेने त्याला सुचवण्या-मागण्यांच्या कोपऱ्यात पुन्हा खाऊपिऊ घातले, आणि भारतातल्या कचेऱ्यांनी तर तो कधी आजारी पडला हेच लक्षात घेतले नाही. ‘लीव्ह बी ग्रँटेड’ असा अर्ज ज्याने आयुष्यात एकदा तरी केला, त्याने सबजंक्टिव्ह वापरलेला आहे. रजा मिळाली की नाही, हा व्याकरणाबाहेरचा विषय.

मराठीत हा संसार बराच ऐसपैस आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 चे, मोरो केशव दामल्यांचा जाडजूड ग्रंथ 1911 चा. शाळेत येईपर्यंत त्या परंपरेतून क्रियापदाचे चार अर्थ पाठ करायला मिळतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात, कारण त्यावर एक गुण हमखास असतो. (एखाद्या पुढाऱ्याची वाटचाल लिहायची तर प्रकरणांची नावे याच क्रमाने द्यावीत. संकेतार्थ निवडणुकीत पडल्यानंतरचा.) गंमत अशी, की इंग्रजीचा एकटा सबजंक्टिव्ह जी कामे करतो ती मराठीने तीन घरांत वाटून दिली आहेत. ‘असतो तर’ संकेतार्थाकडे, ‘मंजूर व्हावी’ विध्यर्थाकडे आणि ‘देव भले करो’ आज्ञार्थाच्या तृतीय पुरुषाकडे. शेजारची तेलुगू याहून आटोपशीर. पाऊस आला तर म्हणजे ‘वान वस्ते’. क्रियापदाच्या शेपटीला ‘ते’ लावले की अट तयार. धर्माबादच्या पोराला हे सारे खेळता खेळता येते. अडते ते फक्त इंग्रजीच्या तासाला.

मराठीच्या ‘असतो’त आणखी एक खोडी दडलेली आहे. ‘तो धर्माबादला असतो’ हे खरे, आणि ‘तो धर्माबादला असता’ हे मनातले. ‘ती असते’ खरी, ‘ती असती’ मनातली. ‘तू असतोस’, ‘तू असतास’. दुसऱ्याविषयी बोलताना खरे आणि मनातले यांत मराठी चोख भेद करते. स्वतःविषयी बोलायची वेळ आली, की मात्र ‘मी असतो’ आणि ‘मी असतो’, ‘आम्ही असतो’ आणि ‘आम्ही असतो’. पुढे ‘तर’ लागेपर्यंत माणूस सत्य सांगतो आहे की स्वप्न, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. सांगणाऱ्याला कळत असावे, अशी अपेक्षा.

धर्माबादेत याचा रोज प्रत्यय येतो. “आम्ही तेलंगणात असतो” असे दोघेजण म्हणतात. एकजण हैदराबादेत बांधकामावर आहे, सणाला गावी आलेला आहे, आणि त्याचे वाक्य तिथेच संपते. दुसरा गावातच पारावर बसलेला आहे आणि त्याने अजून ‘तर’ म्हणायला तोंड उघडलेले नाही.

पारावरच्या माणसाचे वाक्य नुसते स्वप्न म्हणून सोडून देता येत नाही, कारण ते थोडक्यात हुकलेले आहे. हा सगळा मुलूख निजामाचा. 1948 च्या सप्टेंबरात निजामी संपली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषेवर राज्ये बेतली गेली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात नांदेड जिल्हा अखंड आलेला नाही. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे वगळून बाकीचा जिल्हा, असे तिथे लिहिले आहे. उलट बाजूने आदिलाबादेतला किनवट तालुका इकडे आला. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या टाकाची शाई त्या ओळीत जरा पुढे-मागे झाली असती, तर आजच्या पाराचे राज्य बदलले असते. बासर तेव्हा मुधोळ तालुक्यात. तिथली ज्ञानसरस्वती, जिच्यापुढे आजही इकडचे आईबाप लेकरांना पाटी गिरवायला नेतात, ती 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्याची रहिवासी होती. सरस्वती तिकडे गेली आणि इंग्रजी व्याकरण इकडे राहिले, असा हिशेब एखादा नापास विद्यार्थी मांडू शकतो. त्याला पुराव्यानिशी खोडून काढणे कठीण आहे.

पाण्याचे व्याकरण याहून अवघड. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. चौदा दरवाजे, साठवण 2.74 टीएमसी. बंधाऱ्याचे पाणी खालच्या पोचमपाडच्या, म्हणजे श्रीरामसागरच्या जलाशयाच्या हद्दीला शिवते, त्यावरून आंध्र आणि महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेले. तो वाद तिथे चालू असतानाच जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू, तेव्हाचे आंध्रचे विरोधी पक्षनेते, आपले आमदार-खासदार घेऊन बंधारा पाहायला निघाले. महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना सीमेवर ताब्यात घेतले आणि धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवले. मंडळींनी जामीन घ्यायला नकार दिला. त्या संस्थेत एकाच वेळी इतक्या लोकप्रतिनिधींनी मुक्काम केल्याचे ते एकमेव सत्र असावे. फिटर की वायरमन, हे ठरण्याआधीच त्यांना औरंगाबादहून विमानाने हैदराबादला पोचवण्यात आले. प्रकरण तिथे मिटले असते तर पुढचे वाक्य लिहावे लागले नसते. सप्टेंबर 2018 मध्ये याच खटल्यात धर्माबादच्या न्यायालयाने वॉरंट काढले. नायडू तोवर आंध्रचे मुख्यमंत्री झालेले होते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 28 फेब्रुवारी 2013 चा. तो असा, की 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे सगळे दरवाजे वर उचललेले राहतील आणि गोदावरीला कुणी अडवणार नाही. 29 ऑक्टोबरला दरवाजे खाली. शिवाय 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे. यावर देखरेखीला तीन सदस्यांची समिती : एक केंद्रीय जल आयोगाचा, बाकीचे दोघे दोन्ही राज्यांचे एकेक. कायद्याच्या नजरेतून यात खोट काढता येत नाही. फक्त पावसाला या तारखा कुणी कळवलेल्या नाहीत. तो येतो तो जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमका दरवाजे वर असताना. नदी दुथडी भरून वाहते, काठावरचा शेतकरी ती पाहतो, आणि दरवाजे खाली येतात तेव्हा परतीच्या पावसाने मनावर घेतले असेल तर पाणी, नाहीतर वाळू. “आगस्टात गेट टाकले असते तर” हे वाक्य इथे लहान पोरही बिनचूक बोलते. त्याला सांगावे लागत नाही, की बाळ, हा संकेतार्थ आहे.

आणि मार्चची गोष्ट निराळी. विहिरी तळ गाठू लागतात तेव्हा साठलेल्या पाण्यातला वाटा खाली सोडायचा. तो सोडताना काठावर उभे राहून माणसे जे बोलतात त्याला मात्र चारांपैकी कोणताच अर्थ लावू नये. छापण्यासारखा नसतो.

पाण्यानंतर बाजार. भूतकाळाला अट घालण्याची कला शिकायची तर मोंढ्यात, आडतीवर बसावे. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेले होते. ऑक्टोबरात नवे पीक आले तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास उतरला. त्या दिवाळीत मराठवाड्यातल्या प्रत्येक आडतीवर एकच संवाद थोड्याफार फरकाने चालू होता.

“मामा, आगस्टात इकलं असतं तर दुप्पट आलं असतं बघा.”

“आगस्टात ते शेतात उभं होतं ना सेठ. फुलासहित आणून इकतो काय?”

इंग्रजी व्याकरणात अशा वाक्याला तिसऱ्या प्रकारची अट म्हणतात. गोष्ट होऊन गेली, आता बदलता येत नाही, तरी तिच्याबद्दल बोलायचे. सोयाबीनवाल्याची अट याच्याही पुढची, कारण ती तेव्हाही शक्य नव्हती. माल नसताना भाव आणि भाव नसताना माल, या व्यवहाराला इंग्रजीत अजून चौथा प्रकार निघालेला नाही. ऑक्सफर्डवाल्यांनी एक हंगाम लातूरला येऊन राहावे. (हे ‘राहावे’ विध्यर्थी आहे, जेवणखाणाची सोय होईल.)

विध्यर्थाचे मुख्य ठाणे म्हणजे तहसील. तिथे एकही वाक्य स्वार्थात लिहिलेले सापडत नाही. अर्जदार लिहितो, सदर प्रकरणी चौकशी व्हावी. वरचे साहेब खालच्या साहेबांना लिहितात, चौकशी करून अहवाल सादर करावा. खालचे साहेब तलाठ्याला लिहितात, तात्काळ कार्यवाही करावी. तलाठी अर्जदाराला सांगतो, कागदपत्रांची पूर्तता करावी. इतके ‘करावे’ गोळा झाल्यावर केलेले काही निघत नाही, आणि मग शेवटी खिडकीपलीकडून संकेतार्थ येतो : “कालच आला असता तर झालं असतं.” काल तो आलाच होता. काल नेट बंद होते.

तिसरा कोपरा आशीर्वादाचा. इंग्रजीत तो राजाराणीपुरता आणि चर्चपुरता उरला. मराठीत तो चौकाचौकात फ्लेक्सवर झुलतो. आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य देवो. आपली राजकीय कारकीर्द अशीच बहरत जावो. खाली चौतीस चेहरे, त्यात वाढदिवस कुणाचा ते शोधावे लागते. पलीकडे त्याच खांबावर, त्याच ‘ओ’काराने, कुणाच्या तरी आत्म्यास शांती लाभो. इंग्रजी माध्यमातल्या लेकराने ‘गॉड ब्लेसेस यू’ लिहिले की मिस चूक देतात, कारण तसे म्हटल्यास ती बातमी होते : देव अमुक वारी आशीर्वाद देतो, नळाला पाणी येते तसा. ‘ब्लेस’ म्हटले की इच्छा होते. आली तर आली. व्हॉट्सअॅपच्या गटावर कुणाच्या निधनानंतर तीन अक्षरी ‘आरआयपी’ धडाधड पडतात, तेही मुळात सबजंक्टिव्हच. लॅटिनमधल्या ‘रेक्विएस्कात’चा अर्थ विसावो, शांत राहो असा. सकाळी उठून अंगठ्याने लॅटिन व्याकरण चालवणाऱ्या आपल्या गावातल्या मंडळींना याची कल्पना द्यायला हवी. रुबाब वाढेल.

सीमाभाग म्हटले की महाराष्ट्राला बेळगाव आठवते, आणि तिथले क्रियापद वेगळेच आहे. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी यांच्यासह संयुक्त महाराष्ट्र ‘झालाच पाहिजे’. महाजन आयोगाचा अहवाल 1967 ला आला, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि ‘पाहिजे’मधली धार कमी झालेली नाही. दक्षिणेच्या सीमेवर मराठी माणूस महाराष्ट्रात यायला भांडतो. पूर्वेच्या सीमेवर मराठी माणूस महाराष्ट्रातून जायची भाषा करतो. मुंबईहून पाहणाऱ्याला यात विसंगती दिसते, धर्माबादेहून पाहणाऱ्याला दिसत नाही. तो म्हणतो, त्यांना भाषा नाही मिळाली म्हणून ते भाषा मागतात. आम्हाला भाषा मिळालीय, आता वीज द्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात तर चौदा गावे अशी आहेत, की त्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तिथे मराठी शाळाही आहे आणि तेलुगू शाळाही. ‘आम्ही तेलंगणात असतो’ आणि ‘आम्ही महाराष्ट्रात असतो’ ही दोन्ही वाक्ये त्या गावकऱ्यांना ‘तर’ न लावता म्हणता येतात. व्याकरणाच्या दृष्टीने भारतातली सर्वांत सुखी माणसे ती असावीत. जमिनीच्या पट्ट्यांबाबत त्यांना विचारले तर सूर बदलेल.

धर्माबादच्या वाक्यात पुढे भर पडली. तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी पक्षाच्या नावातून तेलंगणा काढून भारत घातला आणि 5 फेब्रुवारी 2023 रोजी नांदेडला सभा घेतली. ज्यांना तेलंगणात जायचे होते त्यांच्याकडे तेलंगणाच चालत आले. मग 3 डिसेंबर 2023 ला निकाल लागला आणि खुद्द तेलंगणातच त्यांची सत्ता गेली. आता वाक्य असे म्हणावे लागते : ते हरले नसते, आणि आम्ही तिकडे असतो, आणि योजना तीच राहिली असती, तर. एका ‘तर’वर तीन अटींचे ओझे. इंग्रजीत हे करून बघावे, ‘वेअर’ आणि ‘हॅड बीन’ यांची जी वाताहत होते ती पाहण्यासारखी असते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती, की एखाद्या वर्षी ‘मी पक्षी असतो तर’, ‘सूर्य उगवलाच नाही तर’ यांना सुट्टी द्यावी आणि ‘बाभळीचे दरवाजे ऑगस्टात खाली असते तर’ हा निबंध घालावा. मराठवाड्यातली मुले पुरवण्या मागतील. सूर्य उगवणार आहे हे त्यांना ठाऊक आहे. त्यांची तक्रार दुसऱ्या गोष्टींबद्दल आहे.

आणि दहावीच्या विद्यार्थ्यांनी ‘इफ आय’ आले, की डोळे मिटून ‘वेअर’ लिहावे. बोलताना ‘इफ आय वॉज’ चालते, लंडनमध्येही सर्रास म्हणतात, त्याने कुणाचे अडत नाही. पण पेपर तपासायला लंडनचे कुणी येत नाही. तो नांदेड-लातूरकडचेच सर तपासतात, आणि ते ‘वॉज’चा अर्धा गुण कापतात.